आईची खालची कवळी

आईची खालची कवळी पडली ती कलेक्टर कचेरीच्या फाटकासमोर, भर मोर्चात, टळटळीत उन्हात. "कोण म्हणतंय देत न्हाय!" एवढी घोषणा तिनं माईकवर दिली आणि शेवटच्या शब्दाबरोबर कवळी बाहेर आली. डांबरावर दोनदा उडाली आणि बंदोबस्तावरच्या एका पोलीस बाईंच्या बुटापाशी जाऊन थांबली. मागे अंगणवाडीच्या बायकांची लांबलचक रांग. "घेतल्याशिवाय ऱ्हात न्हाय!" हे उत्तर त्यांनी सवयीनं सुरू केलं, पण पुढच्यांना काय झालं ते दिसलं होतं. कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू रांगेतून मागे मागे जात राहिलं, घोषणा जाते तसंच.

पोलीस बाईंनी वाकून कवळी रुमालात उचलली आणि आईच्या हातात दिली. त्या हसल्या नाहीत. आईनं ती पदराला पुसून पर्समध्ये टाकली, माईक शेजारच्या बाईकडे दिला आणि रांगेत पार मागे जाऊन उभी राहिली. मी तिथंच होते, पत्रकं वाटत. माझ्या हातातल्या पत्रकावर लिहिलं होतं, "आमचा आवाज ऐका."

आई अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, खोली झाडायची, पोरांची नाकं पुसायची आणि सेविका ताईंनी सांगितलं की पळायचं. निवृत्त झाल्यावरही ती पेन्शनच्या मोर्चाला जात राहिली. रस्त्यावर सगळं उलटं व्हायचं. सेविका मागे आणि मदतनीस पुढे, हातात माईक. तिथं आई म्हणेल तेव्हा शेकडो बायका ओरडायच्या आणि ती हात वर करेल तेव्हा गप्प व्हायच्या. आयुष्यात कुणी तिला असं दुसरं काही दिलं नव्हतं. हेही कुणी दिलं नव्हतं, तिनं घेतलं होतं. त्या दिवसापासून ते गेलं. मोर्चाला ती जायची, पण तोंडाला पदर लावून, मधल्या रांगेत.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. वडिलांचं छोटं छापखान्याचं दुकान होतं, पायानं चालवायचं ट्रेडल मशीन. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि संघटनांची पत्रकं ते जवळजवळ फुकटात छापायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती चुकून काळ्या झालेल्या पत्रकांवर. ते गेले तेव्हा मी अकरावीत होते. त्यांचा एक नियम मला तोंडपाठ आहे: पत्रकात नाव पाहिजे, गाव पाहिजे आणि पुरावा पाहिजे, नाहीतर ती चावडीवरची कुजबुज. हा नियम मी पाळला आणि त्यानंच घात झाला, ते पुढे सांगते.

आधी ती कवळी आली कुठून ते सांगते, कारण माझा राग तिथून सुरू होतो.

आमच्या भागातल्या एका साहेबांचा वाढदिवस होता. मैदानावर मांडव, "मोफत कवळी शिबिर", चहा आणि केळी. आईचे दात मिश्रीनं गेले. बारा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून कुणीतरी बोटावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री दिली, ती सुटली नाही. हिरड्या खाली सरकल्या, दात हलायला लागले, एकेक करून उपटले. म्हणून ती शिबिराला गेली. मापं घेतली, पंधरा दिवसांनी कवळ्या वाटल्या. वाटताना फोटोवाला होता.

"मावशी, आधी न घालता हसा."

"न घालता कशाला?"

"हसा की मावशी, सायबांसाठी! हां. आता घालून हसा."

आई हसली. फुकट काही मिळालं की आपल्या बायका सांगाल ते करतात, कारण उपकाराखाली माणसाला मान वर करता येत नाही हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. आठवड्याभरात चौकात डिजिटल बोर्ड लागला. वर गॉगल घातलेले साहेब. खाली गोल चौकटींत तीस-चाळीस कार्यकर्ते. मध्ये माझी आई, दोनदा. डावीकडे बोळकं उघडून, उजवीकडे दात दाखवून. एकेक तोंड परातीएवढं. वर लिहिलं होतं, "हरवलेलं हसू परत!" तो बोर्ड दोन महिने होता. दोन महिने आई मंडईला जाताना चौक टाळून तालमीच्या मागच्या बोळातून गेली.

आणि कवळी? वरची बरी बसली. खालची पहिल्या दिवसापासून हलायची. बोलताना उचलायची, खाताना खाली दाणा अडकून हिरडी सोलायची. आई साहेबांच्या ऑफिसात गेली. तिथला कार्यकर्ता मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "शिबिर झालं की मावशी. आता फुडल्या वर्षी." मग दया आल्यासारखं, "मेडिकलात चिकटवायची पावडर मिळती. ती लावा."

ती पावडर लावूनच आई त्या मोर्चाला आली होती.

कवळी पडल्यावर मी तिला एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे नेलं. काचेचं दार, आत गार हवा. त्यांनी आईच्या तोंडात पाहिलं आणि मग शेवटपर्यंत माझ्याशी बोलले.

"यांचं वय?"

"त्यांनाच विचारा," मी म्हणाले.

ते हसले. "इम्प्लांटवर बसवता येते कवळी. पण या वयात कशाला? यांना काय आता स्टेजवर जायचंय? पातळ करून द्या. भात, खिमट, सूप."

आई खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसली होती, कारण तिला तोंड मिटा असं कुणी सांगितलं नव्हतं. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण बाहेर बसलेल्या पेशंटांनी मासिकं खाली ठेवली होती. गरीब बाईला किती दात लागतात हे तिच्या वयावरून ठरवायचा अधिकार या लोकांना दिला कुणी? डोळा गेला तर म्हणता का, या वयात काय बघायचंय? दात मात्र चैन. तोंड मात्र पातळ खाण्यापुरतं.

खाली आल्यावर आई म्हणाली, "वरडून काय झालं? दात आलं?"

दुसऱ्या डॉक्टर शिरोळकडच्या निघाल्या. दवाखाना लहान, जिना अरुंद. त्यांनी स्टूल ओढलं, आईच्या समोर बसल्या आणि पहिलाच प्रश्न तिला केला.

"मावशी, मिश्री लावता?"

"कवातरी."

"कवातरी म्हंजे दिवसातनं किती येळा?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "चार."

"म्हंजे आठ," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदावर लिहून टाकलं. कवळी पडल्यापासून आई पहिल्यांदा हसली, तोंडावर हात ठेवून.

मग त्यांनी सांगितलं. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालचीला चिकटायला जागाच नाही, मध्ये जीभ वळवळते. त्यात दात जाऊन बरीच वर्षं झाली की जबड्याचं हाड झिजून सपाट होतं. "बैलगाडीत वैरण भरली आन दोरच न्हाई आवळला, तशी तुमची कवळी." उपाय म्हणजे खालच्या हाडात पुढच्या बाजूला दोन स्क्रू बसवायचे. हाड त्यांना घट्ट धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं. मग स्क्रूंवर बारीक गुंड्या आणि नव्या कवळीला आतून खाचा. दाबलं की बसली, ओढलं की निघाली.

"म्हंजे टिचबटणच की!" आई म्हणाली. वडील गेल्यावर तिनं घरी ब्लाउज शिवून, हुक आणि टिचबटणं लावून मला शिकवलं.

"व्हय. अगदी टिचबटण."

आईनं ब्लाउजचं बटण चाचपलं. मला वाटलं घाबरली. पण ती विचार करत होती. "टिचबटण वापरून वापरून ढिलं हुतं. तवा?"

"खाचेत रबराची रिंग आसती. ढिली झाली की ती बदलायची."

"कुटं यायचं?"

"हितंच. माझ्याकडं."

"शिबिर झालं, आसं म्हणणार न्हाईसा न्हवं?"

डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

पैसे कुठून उभे केले ते आई सांगू देत नाही. आधी साखर तपासली, जबड्याचा स्कॅन काढला. डॉक्टरांची एकच अट होती: मिश्री बंद. "लावली तर स्क्रूला हाड धरणार न्हाई. मग माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई." आईनं मिश्रीची डबी माझ्या हातात दिली. पन्नास वर्षांची सवय. पहिले काही दिवस ती पदराचं टोक चावत बसायची. आठव्या दिवशी म्हणाली, "लावत न्हाई. वास तर घिऊ दे नुसता." मी दिला नाही.

स्क्रू बसले. आता थांबायचं होतं. आईला थांबणं जमत होतं, मला नाही. जुनी कवळी डॉक्टरांनी आतून कोरून मऊ करून दिली होती, ती घालून ती भात-आमटी खायची आणि कमी बोलायची. आणि मी रोज चौकातून जाताना जिथं बोर्ड होता त्या खांबांकडे बघायचे. एके दुपारी बसले आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. "आमच्या आईचं तोंड चौकात कुणी टांगलं?" वडिलांचा नियम पाळून नाव घातलं, गल्ली घातली, पुरावा घातला. हिरड्या किती झिजल्या ते. मिश्री दिवसातून आठ वेळा ते. कवळी डांबरावर किती वेळा उडाली ते. आणि शेवटी, "ज्या आवाजानं कलेक्टर कचेरी हादरायची, तो आवाज आज कायमचा संपला आहे." हे वाक्य मला फार आवडलं होतं. एक हजार प्रती काढल्या. बिंदू चौकात, एस. टी. स्टँडवर, कॉलेजांच्या फाटकांवर वाटल्या. लोक थांबून वाचत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं वडील असते तर पाठीवर थाप मारली असती.

आईला मी सांगितलं नव्हतं. छापून झाल्यावर दाखवायचं म्हणून एक प्रत बाजूला ठेवली आणि मग दाखवायचं राहिलं. राहिलं नाही, मी टाळलं.

चार दिवसांनी संध्याकाळी आई बाजारातून आली आणि माझ्यासमोर भडंगाची पुडी ठेवली. तिला स्वतःला तेव्हा भडंग चावत नव्हतं, माझ्यासाठी आणलं होतं. मी मूठ भरली. ती म्हणाली, "खा. पुडी मातुर टाकू नगंस."

भडंगाच्या गाडीवाल्यानं पुडी माझ्या पत्रकाची बांधली होती. शेंगदाण्याच्या तेलानं कागद पारदर्शक झाला होता आणि त्यात आईचं नाव ठळक दिसत होतं.

"हे माझंच नाव न्हवं?"

"आई, मी त्या साहेबाविरुद्ध लिहिलंय."

"त्येच्या विरुद्ध लिवायला माझं तोंड कशाला उघडलंस? तुला बी हायच की तोंड."

"पुरावा लागतो. बाबा म्हणायचे—"

"मी काय पुरावा हाय व्हय गं?" ती ओरडली नाही. कवळी सांभाळत, एकेक शब्द पुढे ढकलत बोलत होती, ते जास्त लागत होतं. "त्यानं निदान फोटू काढताना हसा म्हणून सांगितलं. तू तर त्ये बी न्हाई सांगितलंस. त्यानं एका चौकात लावलं, तू गावभर वाटलंस. आठ येळा मिश्री! सांगितली हुती मी डाक्टरणीला, भडंगवाल्याला न्हाई."

मी काहीतरी बोलणार होते. तिनं पुडीवर बोट ठेवलं. "आन हे काय? संपला? कुणाचा आवाज संपला? डाक्टरीण म्हणती चार म्हयनं थांब. आन पोटची लेक छापती, संपला."



खरा फटका आठवड्यानं बसला. संघटनेची बैठक होती, पुढच्या मोर्चात घोषणा कुणी द्यायच्या ते ठरायचं होतं. आई गेली, दोन महिन्यांत दात बसणार आहेत, मोर्चा त्यानंतर आहे, हे सांगायला. अध्यक्षीण बाईंनी पर्समधून माझं पत्रक काढलं. फार प्रेमानं म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांनी वाचलं. डोळ्यात पाणी आलं बघा. आता तुम्ही विश्रांती घ्या. तुमच्या लेकीनंच लिहिलंय." आणि माईक एका तरुण सेविकेला दिला. टाळ्या वाजवून आईचा सत्कारही केला. टॉवेल, टोपी, नारळ असतो तसा शाल आणि नारळ.

घरी येऊन तिनं शाल खाटेवर टाकली आणि माझ्यासमोर हात पुढे केला.

"डबी दे."

"आई, स्क्रू धरणार नाहीत."

"न्हाई धरलं तर न्हाई. कुणाला दावायचं हाय आता बोलून? दे."

मला राग कुणाचा आला हे सांगता येत नाही. साहेबाचा होता, त्या गार खोलीतल्या डॉक्टरचा होता, अध्यक्षीण बाईंच्या पाण्यानं भरलेल्या डोळ्यांचा होता. पण त्या सगळ्यांनी मिळून जे पूर्ण केलं नव्हतं ते मी एका कागदावर केलं होतं, शुद्धलेखन तपासून. ट्रंकेतून डबी काढून मी तिच्या हातावर ठेवली. मला नाही म्हणायचा हक्क उरला नव्हता.

तिनं झाकण उघडलं. खोलीत तो करपट वास पसरला. बोट आत घातलं, बाहेर काढलं, काळ्या झालेल्या बोटाकडे बराच वेळ बघत बसली. मग उठून मोरीत बोट धुतलं. साबण लावून, दोनदा. डबी परत माझ्या मांडीवर टाकली.

"ठेव. आन माझ्याशी बोलू नगंस."

ती दहा-बारा दिवस बोलली नाही. त्या दिवसांत मी उरलेली पत्रकं जाळली. वाटलेली परत गोळा करता येत नाहीत, ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

स्क्रू धरले. नवी कवळी बसवायच्या दिवशी डॉक्टरांनी ती आईच्याच हातात दिली. "तुम्हीच दाबा मावशी. अंगठ्यानं." आईनं दाबली. डावीकडे टिच्. उजवीकडे टिच्. तिनं जिभेनं ढकलून पाहिलं, बोटानं हलवून पाहिलं, ब्लाउजचं बटण बघावं तशी. मग पर्स उघडून कागदात बांधलेलं भडंग काढलं.

"मावशी, आज मऊच खायचं!"

"एक दाणा," आई म्हणाली आणि एक शेंगदाणा तोंडात टाकून चावला. कडक वाजला. पुडीचा कागद कोरा होता. तेवढं मी बघितलं.

मोर्चात माईक त्या तरुण सेविकेकडेच राहिला. आईनं मागितला नाही, त्यांनी विचारलं नाही. संघटनेतही मायेनं माणसाला गप्प बसवतात, हे मी आता कुठल्याही पत्रकात लिहायला तयार आहे. पण लिहायचं तर आईला विचारावं लागेल. हे लिहितानाही विचारलं. ती म्हणाली, नाव कुणाचंच नको. माझं नको, गल्लीचं नको, साहेबाचंही नको. साहेबाचं का नको, तर "त्येचं नाव घातलंस की लोक त्येचंच बोलत बसत्यात." वडिलांच्या नियमात हे बसत नाही. नाव नाही, गल्ली नाही. त्यांनी हे छापलं नसतं. मी लिहितेय.

मग पुन्हा वाढदिवस आला. मैदानावर पुन्हा मांडव, पुन्हा कवळ्या. वाटपाच्या दिवशी सकाळी आईनं चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चल." मी वही-पेन घेतलं. "त्ये ठेव घरी."

मांडवात साठेक माणसं रांगेत होती, बहुतेक बायका. तोच फोटोवाला. रांगेच्या तोंडाशी एक म्हातारी उभी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीतली कवळी. फोटोवाला म्हणत होता, "हसा की मावशी! आधी न घालता."

"हसू नगा," आई म्हणाली.

माईक नव्हता. मांडवाच्या मागच्या खांबापाशी उभं राहून म्हणाली, आणि स्टेजवरचा खुर्च्या मांडणारा वळून बघायला लागला. तो आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते.

"कवळी घ्या. आपल्याच पैशाची आसती समदी. पण हसू नगा. बोर्डावर लावत्यात."

तोच कार्यकर्ता पळत आला. "ओ मावशी, तुमचं काय काम हितं? नाव हाय का यादीत?"

"गेल्या वर्षी तुमच्या बोर्डावर हुतो की मी. परातीएवढी. वळाकलं न्हाईस?"

रांगेत खसखस पिकली. या वेळी हसू तिच्यावर नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, चांगल्या कामात खोडा घालू नका. फुकट देतोय आम्ही."

"देतोस तर इचारू दे." आई रांगेकडे वळली. मोर्चात वळायची तशी, उजवा हात वर. "बायांनो, एकच इचारा ह्यास्नी. ढिली झाली तर कुटं यायचं?"

मग त्या पहिल्या म्हातारीनं पिशवीतली कवळी त्याच्यापुढे धरली आणि बोळक्या तोंडानं विचारलं, "व्हय बाबा. कुटं यायचं?"

"बघू... ऑफिसात..."

"ऑफिसात कोण बसतंय? डाक्टर बसतोय?" मागून दुसरी.

"कवा यायचं? वार सांग."

"लिवून दे की कागदावर."

फोटोवाल्यानं कॅमेरा तसाच धरून ठेवला होता. समोर रांगेतल्या सगळ्या बायकांनी ओठ घट्ट मिटले होते आणि ज्यांना बोलायचं होतं त्या पदर तोंडावर धरून बोलत होत्या. त्याला एकही तोंड मिळत नव्हतं. कार्यकर्ता खिसे चाचपत कागद शोधत होता.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "वही आणायला पायजे हुती तू. दे कुणाकडनं तरी कागद आन पेन त्येला. वार लिवून घे, येळ लिवून घे. आन खाली सही."